परक्या गावची विहीर

या मननासाठी शांत जागा शोधत बसू नका. आतल्या खोलीत टीव्ही चालू असेल, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत असतील, कुणाच्या हळदीचा डीजे दणदणत असेल, तर असू द्या. ज्या गलबल्यात आपले दिवस जातात त्याच्या मधोमधच हे मनन व्हायला हवं. एवढंच करा: पाठ टेकून बसा, दोन्ही पावलं जमिनीवर येऊ द्या आणि फोन उपडा ठेवा. बंद करू नका, थोड्या वेळाने तो लागणार आहे.

जवळ बायबल असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा आणि पहिली बेचाळीस वचनं सावकाश वाचा. भराभरा वाचायची सवय असेल तर ओठ हलवत वाचा. बायबल नसेल तरी अडत नाही, गोष्ट मी सांगतोच. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरीही बसा. ही गोष्टच मुळी परक्यांच्या गावात घडते.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात साधनेची एक पद्धत लिहून ठेवली. 1548 साली पोपनी तिला मान्यता दिली आणि आजही कॅथलिक लोक रिट्रीटला बसतात तेव्हा पुष्कळदा तीच वापरतात. शुभवर्तमानातला प्रसंग वाचून पुढे निघून जायचं नाही, त्याच्या आत जाऊन बसायचं. रस्ता केवढा लांब आहे, सपाट आहे की दरीतून जातो, हे मनाने बघायचं. कोण काय बोलतं ते ऐकायचं. वासही घ्यायचा. आणि शेवटी प्रभूशी बोलायचं, मित्राशी बोलावं तसं. आपण तेच करणार आहोत.

पण विहिरीवर जाण्याआधी, आपण काय घेऊन निघालो आहोत ते पाहू. आता फोन उचला. कुठलाही मेसेज उघडू नका, नुसती ग्रुपची यादी खाली सरकवा. कुठल्या तरी ग्रुपवर ‘त्यांच्या’विषयी काही आलेलं असेल. ते कसे वाढत चालले आहेत, ते काय खातात, त्यांच्यापासून मुलींना कसं जपावं, त्यांच्या दुकानातून काही का घेऊ नये. शेवटी हात जोडलेलं चित्र आणि पुढे पाठवण्याची विनंती. हे ‘ते’ तुमच्या यादीत कोण आहेत? दुसऱ्या धर्माचे? दुसऱ्या जातीचे? परप्रांतातून आलेले? समोरच्या पक्षाचा झेंडा गच्चीवर लावणारे? की आपल्याच गावातले, पण दुसऱ्या पंथाच्या चर्चला जाणारे?

सगळे नकोत. एकच गट मनाशी धरा. आणि त्या गटातला एक माणूस डोळ्यांपुढे आणा, ज्याचं नाव तुम्हाला माहीत आहे असा. नाव आठवत नसेल तर तेही नीट ध्यानात घ्या. ज्यांची रात्री झोप उडेल इतकी धास्ती आपल्या मनात असते, त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नसतं, असं पुष्कळदा होतं.

आता शरीराकडे बघा. जबडा आवळला गेला आहे का? खांदे वर आले आहेत? पोटात कुठे घट्ट वाटतं आहे? लगेच स्वतःला रागावू नका. ती भीती आहे. तिला ‘मी घाबरत नाही’ म्हणून हुसकावू नका, आणि ‘काळजी घ्यायला नको का’ म्हणून तिची बाजूही मांडू नका. दोन-तीन मिनिटं नुसती तिच्याशेजारी बसा.

फोन पुन्हा उपडा ठेवा. चला.

मध्य पॅलेस्टाईनमध्ये आजच्या नाब्लुस शहराजवळ दोन डोंगर समोरासमोर उभे आहेत, एबाल आणि गरिज्जीम. त्यांच्यामधल्या खोऱ्याच्या तोंडाशी एक विहीर आहे. याकोबाची विहीर म्हणतात तिला. ती आजही आहे. तिच्यावर ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च बांधलेलं आहे आणि खाली तळघरात उतरून तिच्या कठड्याशी उभं राहता येतं. तीस मीटरहून जास्त खोल, खडक फोडून काढलेली विहीर. आपल्याकडच्या वाड्यांमधल्या विहिरींवर ज्यांनी पाणी शेंदलं आहे, त्यांना सांगायला नको की तीस मीटर दोर हाताखालून जायला किती वेळ लागतो, पोहरा वर येताना कडेला किती वेळा आपटतो आणि घागर भरेपर्यंत तळव्यांची काय गत होते. पोहरा नसलेल्या माणसाच्या हाती तिथे काहीच लागत नाही.

विहिरीवरून मान वर केली की गरिज्जीम दिसतो. त्या डोंगरावर, तिथे राहणाऱ्या शोमरोनी लोकांचं मंदिर होतं. यहूद्यांचं मंदिर यरुशलेमेत. देव एकच, मोशेचे ग्रंथ तेच, पूर्वज तेच, म्हणजे भाऊबंदकीच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीला यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने गरिज्जीमवरचं मंदिर उद्ध्वस्त केलं. योसेफस हा यहूदी इतिहासकार पुढची एक हकिगत सांगतो. वल्हांडणाच्या सणात, मध्यरात्री मंदिराचे दरवाजे उघडल्यावर, काही शोमरोनी यरुशलेमेत शिरले आणि त्यांनी मंदिराच्या आवारात माणसांची हाडं टाकली. सण विटाळला. येशू त्या सुमारास पोरवयात होता. नासरेथच्या अंगणांत मोठी माणसं याविषयी काय बोलत असतील ते ऐकायचा प्रयत्न करा. ‘ते लोक असेच.’ ‘त्यांच्या हातचं पाणी म्हणजे…’ ज्या बोलण्यात आपण वाढलो तशाच बोलण्यात तोही वाढला.

दोन्हीकडच्या भीतीला आधार होता, हे मुद्दाम सांगतो आहे. हे सारे गैरसमज आहेत, एकदा बसून बोललं की मिटतील, अशी प्रेमाची शिकवण मला पोकळ वाटते. तिथे पाडलेल्या मंदिराचे चिरे होते आणि पसरलेली हाडंही होती. तरी तो त्या वाटेने गेला.

आता त्याला बघा.

दुपारचे बारा. सावली पायाखाली गोळा झालेली. तो गालीलच्या वाटेवर आहे, चालून थकलेला आहे, विहिरीपाशी टेकला आहे. त्याच्या पायांवरची धूळ बघा. ओठ कोरडे. शिष्य खायला आणायला गावात गेले आहेत. पोहरा नाही, दोर नाही. खाली गार पाणी आहे आणि त्याच्या हाताला येत नाही. इथे थांबा. तुम्हीही विहिरीच्या दुसऱ्या बाजूला बसा. आपल्याला देव म्हटला की देणारा, सांभाळणारा, तारणारा असाच आठवतो. तहानेने जीभ टाळ्याला लागलेला, दुसऱ्याच्या पोहऱ्याची वाट बघत बसलेला हा देव थोडा वेळ नुसता पाहा.

एक बाई येते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. तिला तो लांबून दिसला असणार आणि कपड्यांवरून, बसण्यावरून तो कुठला हेही कळलं असणार. तिची पावलं मंदावतात. ती वळून जाईल का? तिच्याही मनात भीती आहे, ती आपण सहसा मोजत नाही. परका पुरुष, एकटा, वैऱ्यांपैकी.

आणि तो तिच्याकडे पाणी मागतो.

हे वाक्य झटकन मागे टाकू नका. पाच मिनिटं त्याच्यापाशी बसा. तो तिला आशीर्वाद देत नाही, उपदेश करत नाही, ‘आमच्या मनात तुमच्याविषयी काही नाही हो’ असंही म्हणत नाही. ज्यांच्या भांड्याला आपली माणसं ओठ लावत नाहीत, त्यांच्यातल्या एका बाईला तो म्हणतो की मला तुझ्याकडून काही हवं आहे. ख्रिस्ती प्रेमाविषयी आपण जेवढं बोलतो त्यात देण्याचंच बोलणं फार. दानधर्म, सेवा, भेट, मदत. ते सगळं करतानाही आपण वरच्या पायरीवर राहू शकतो. शत्रूला भाकरी देऊन भीती तशीच मनात ठेवता येते. त्याच्या हातचं पाणी पिताना ते जमत नाही. मागणारा उघडा पडतो. समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो, हसू शकतो, आणि ती बाई आधी थोडं तसंच बोलतेही: तू यहूदी, मी शोमरोनी, आणि माझ्याकडे पाणी मागतोस? त्या एका प्रश्नात किती वर्षांचा सल आहे ते ऐका. तो ऐकून घेतो. हात मागे घेत नाही.

महाराष्ट्रात पाण्याची ही गोष्ट कुणाला समजावून द्यावी लागू नये. ओंजळ पुढे करायची आणि वरून कुणीतरी अंतर राखून धार सोडायची, असं ज्यांना पाणी प्यावं लागलं त्यांची नातवंडं आज आपल्यात आहेत. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं. ते तळं नगरपालिकेच्या ठरावाने सगळ्यांना खुलं झालेलं होतं, जनावरंही त्यावर पीत. पाणी पिऊन लोक परतले तेव्हा गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा कुणाचाच बेत नव्हता. पण आवई घरोघर गेली, लाठ्या निघाल्या, जेवायला बसलेल्यांवर हल्ला झाला, अन्न मातीत गेलं. पुढे शेणा-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. त्या दुपारी ‘पुढे पाठवा’ म्हणायला कुणाच्या हातात फोन नव्हता, तरी ती बातमी किती वेगाने गेली! ज्यांनी लाठ्या उचलल्या ते स्वतःला दुष्ट समजत नसणार. आपण देव वाचवतो आहोत असंच त्यांना वाटत असणार.

मघाचा मेसेज आठवा. त्यात कोण कशात ‘शिरणार’ असं लिहिलं आहे?

थोडं थांबा. मग लक्ष्मीबाई टिळकांकडे वळू.

त्यांच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ अनेकांनी शाळेत उताऱ्यापुरती वाचली असतील. या मननासाठी ती पुन्हा उघडण्यासारखी आहेत, कारण भीती घरात कशी शिरते आणि कशी निघून जाते हे त्या पुस्तकात स्वच्छ दिसतं. 1857 नंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कुणाची सावली नको, कुणाचा स्पर्श नको. बायकामुलांचे त्यापायी अतोनात हाल झाले. मला हा सगळा भाग दरवेळी फार दुखावून जातो. सत्तेच्या फासाला घाबरलेला एक माणूस, आणि त्याची शिक्षा भोगली घरातल्या मुलींनी आणि दारापासून दूर उभ्या केलेल्या माणसांनी, ज्यांचा त्या फाशीशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या घरची मुलगी नारायण वामन टिळकांच्या घरी आली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. नंतर त्या टिळकांजवळ राहायला आल्या तेव्हाही सोवळं सांभाळून, चूल आणि पाणी वेगळं ठेवून. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग एक रात्र अशी आली की त्या जाग्याच राहून विचार करत बसल्या. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या घडणीत तसा फरक दिसला असता. तो तर कुठे दिसत नाही. सकाळी त्यांनी सांगून टाकलं की आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन, पिईन. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तो नंतर. आधी पाणी.

यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की लक्ष्मीबाई दीनदुबळ्यांना जवळ घेण्याची भाषा करत नाहीत. त्या त्यांच्या हातचं घेतात. जन्मभर ज्या हातांचं भय शिकवलं गेलं त्या हातांपुढे आपला पेला करतात.

आता तुमच्या मनातल्या त्या माणसाला विहिरीवर येऊ द्या. घागर त्याच्या किंवा तिच्या डोक्यावर आहे. तहान तुम्हाला लागली आहे. काय होतं आत? मागावंसं वाटतं का? कुठली अढी आडवी येते? तोंडाने सांगता येण्यासारखी आहे का ती? घाई नाही.

विहिरीवरचं बोलणं पुढे बरंच चालतं. त्यात तिच्या पाच नवऱ्यांचा उल्लेख येतो आणि शतकानुशतकं प्रवचनांमध्ये तिला पापीण ठरवलं गेलं. योहानाने तसं कुठेही लिहिलेलं नाही. नवरे मरतही असत, आणि त्या काळी काडीमोड देणं बहुधा पुरुषाच्याच हाती होतं. येशू तिच्यावर आरोप करत नाही. तिचं आयुष्य त्याला माहीत आहे एवढंच तिला कळतं, आणि ते कळूनही तो उठून जात नाही. मग ती जुना वाद काढते: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? टीव्हीवरच्या चर्चेत असता तर इथून पुढे चार जण एकदम ओरडले असते. तो तिला सांगतो की खरे उपासक ना या डोंगराला बांधलेले असतील ना त्या नगराला, आत्म्याने आणि खरेपणाने देवाकडे जाता येईल असा काळ आला आहे. आपल्या लोकांची श्रद्धा तो लपवत नाही, तारण यहूद्यांमधून आहे हेही स्पष्ट बोलतो. प्रेमाखातर आपलं काहीच नाही असं भासवण्याची त्याला गरज पडत नाही. मग मी मशीहा आहे, ही गोष्ट तो उघडपणे तिला सांगतो, या परक्या गावच्या बाईला.

एक नोंदलंत का? तिने त्याला पाणी दिलं, तो प्यायला, असं कुठेच लिहिलेलं नाही.

शिष्य परत येतात. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघा. नवल वाटलंय, अवघडलेत, पण कुणी विचारत नाही. ते त्याच गावात जाऊन आले होते. बाजारात फिरले, भाव केला, पैसे मोजले आणि भाकरी घेऊन परतले. गावातलं एकही माणूस त्यांच्याबरोबर आलं नाही. व्यवहार होता, तो झाला. आपलंही असंच चालतं. ज्यांची भीती वाटते त्यांच्याकडून आपण भाजी घेतो, त्यांच्या रिक्षात बसतो, त्यांच्याकडून नळ दुरुस्त करून घेतो. पैसे दिले की बोलणं संपलं. ती बाई मात्र घागर तिथेच टाकून गावात जाते आणि अख्खं गाव घेऊन येते.

मग गावकरी त्याला राहण्याचा आग्रह करतात आणि तो दोन दिवस राहतो. योहानाने हे एका वाक्यात उरकलं आहे. आपण तिथे रेंगाळू. दोन दिवस म्हणजे दोन रात्री. तेरा माणसांची सोय वेगवेगळ्या घरांत झाली असेल. त्यांच्यातला पेत्र कुणाच्या ओसरीवर झोपला? त्याच्यापुढे ताट आलं तेव्हा तो पहिला घास घेण्याआधी किती वेळ थांबला? घरातल्या म्हातारीने ‘आणखी घे’ म्हटलं असेल. रात्री दिवा मालवल्यावर, लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी त्याच्या कानात वाजल्या असतील का? एका घरात, एका पथारीवर, थोडा वेळ पडून पाहा.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. लूकच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात दुसरं एक शोमरोनी गाव आहे. येशू यरुशलेमेला निघाला आहे म्हणून ते त्याला थारा देत नाही. तेव्हा याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगे विचारतात: आकाशातून अग्नी पडून हे भस्म व्हावेत असं आम्ही सांगू का? शोमरोनी ताटात जेवून झालं, तरीही! एक अपमान पुरला. येशू वळून त्यांना धमकावतो, आणि ते दुसऱ्या गावाला जातात. अपमान गिळून आणखी चालायचं, हेही प्रेमातच येतं, आणि त्यात गोड असं काही नसतं. पाय दुखतात.

हा अग्नी पुढे पडला, पण आकाशातून नाही. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी गालीलच्या यात्रेकरूंना शोमरोनाच्या हद्दीत मारण्यात आलं आणि बदला म्हणून यहूदी बंडखोरांनी शोमरोनी गावं जाळली. हेही योसेफसनेच लिहून ठेवलं आहे.

योहानाचं काय झालं? प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आठवा अध्याय पाहा. शोमरोनातल्या लोकांनी देवाचं वचन स्वीकारलं असं कळल्यावर यरुशलेमेहून पेत्र आणि योहान यांना तिकडे पाठवलं जातं. ज्याला त्यांच्यावर आग हवी होती, तो त्यांच्या डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतो. परत जाताना ते दोघे शोमरोनातल्या पुष्कळ गावांत थांबत जातात. त्या नाकारणाऱ्या गावावरून त्यांची वाट गेली असेल का? आणि परंपरेने जे याच योहानाचं म्हटलं जातं त्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, पूर्ण प्रीती भीतीला हाकलून देते हा विचार आहे. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेला आपण इतक्या वेळा पाहिला आहे की त्याच्यामागचा रस्ता दिसत नाही. ती विहीर, ती ताटं, तो नकार, ती मागितलेली आग, मग ते हात. हे सगळं ध्यानात ठेवून ते अठरावं वचन आता एकदा वाचा.

इथे कुणी म्हणेल, आमची भीती खरी आहे. आमच्या प्रार्थनासभेच्या दारात घोषणा झाल्या आहेत. खरंच आहे, आणि ज्याच्या दारात झाल्या त्याला दुरून धीर सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हणून ज्यांना तो आहे त्यांच्याकडे बघतो. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपली असताना जमावाने गाडी पेटवून दिली. स्टेन्स तीस वर्षांहून अधिक काळ मयूरभंजमध्ये कुष्ठरोग्यांमध्ये काम करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. न्यायालयाचं काम न्यायालयाने केलं, गुन्हा शाबीत झाला, शिक्षा झाली. क्षमा म्हणजे खटला नको असं त्या म्हणाल्या नाहीत. पण मुलीला घेऊन त्या लगेच ऑस्ट्रेलियाला गेल्या नाहीत. मयूरभंजमधल्या बारीपद्यात, त्याच रुग्णांबरोबर, आणखी काही वर्षं राहिल्या. रोज सकाळी उठून दूध, भाजी, औषधं कुणाच्या ना कुणाच्या हातूनच घ्यावी लागत असतील. त्या प्रत्येक हाताकडे त्यांनी कसं पाहिलं असेल, यावर मी पुष्कळदा विचार करतो आणि उत्तर मिळत नाही. तुम्हीही त्यापाशी उत्तराशिवाय बसून राहा.

आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. आपण ख्रिस्ती माणसं संख्येने थोडी आहोत, त्यामुळे कुंपण घालायची ओढ आपल्याला लवकर लागते. वर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, पेंटेकोस्टल अशी आतली कुंपणं. कुणी कुणाच्या प्रभुभोजनाला चालत नाही हे एकवेळ सिद्धांताचं म्हणून समजून घेता येतं, पण कुणाच्या घरी सोयरीक करायची नाही हे ठरवताना आपण जुनी जात काढतो, ते कुठल्या सिद्धांतात बसतं? गोव्यात काही गावांच्या चर्चमधल्या कोंफ्रारिया, म्हणजे धार्मिक बंधुसंघ, जातीनुसार वाटलेल्या होत्या. विहिरीवर बसलेला तो तिथल्याच क्रुसावर टांगलेला होता आणि खाली ही वाटणी चालली होती. बाहेरच्यांच्या द्वेषाबद्दल आपण तक्रार करावी, अवश्य करावी. पण आपल्याच विहिरीवर कोण पाणी मागू शकत नाही, हा प्रश्न त्या तक्रारीने पुसला जात नाही.

योहानाच्याच आठव्या अध्यायात यरुशलेमेतले काही लोक येशूला चिडून म्हणतात की तू शोमरोनी आहेस आणि तुला भूत लागलं आहे. तो उत्तर देतो की मला भूत लागलेलं नाही. पहिल्या शिवीबद्दल तो काहीच बोलत नाही. ‘त्यांच्यातला’ म्हणवून घ्यायला त्याची हरकत दिसत नाही. याच्यावर आणखी एक मिनिट थांबा. तुमच्या माणसांनी तुम्हाला ‘त्यांचा’ म्हटलं, ग्रुपवर कुणी टोमणा मारला, तर तुम्ही किती घाईने खुलासा करता?

आता शेवटचं, मित्राशी बोलावं तसं बोलणं. तो अजून विहिरीपाशी बसलेला आहे. आधी त्याला भीती सांगा, शोभिवंत न करता. ‘मला या माणसांची भीती वाटते, कारण…’ आणि जे असेल ते. खरं कारण असेल तर खरं सांगा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. मग त्याला विचारा: मी त्या माणसाकडे काय मागू?

उत्तर बहुधा लहान येईल. शिडी मागायची असेल. शिरखुर्म्याचं प्रमाण विचारायचं असेल. मुलाच्या गणिताची अडचण, गावी जाताना घराची किल्ली ठेवण्याची विनंती, त्यांच्या भाषेतलं पत्र वाचून दाखवण्याची विनवणी. ज्याची तुम्हाला खरोखर गरज आहे असंच मागा. गरज नसताना मागितलेलं समोरच्याला लगेच ओळखू येतं. नकाराची तयारी ठेवा, आणि नकार आला तर लूकमधलं ते दुसरं गाव आठवा. त्या माणसाचं नाव आणि मागायची वस्तू एका कागदावर लिहा. कुठल्या दिवशी मागणार तेही लिहा. नाव ठाऊक नसेल तर आधी नावच विचारून या.

आणि काहीच सुचलं नाही, किंवा सुचलं पण हात पुढे होईना, तर उद्या याच वेळी पुन्हा याच अध्यायाला बसा. सातव्या वचनात तो पाणी मागतो. त्याच्या पुढे जायची घाई करू नका.